स्टँडवरच्या मातीविषयी

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, धंदा शिल्पकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांविषयी त्यांनी जे लिहून दिले ते जोडलेले नाही, कारण त्याचा वाटणीशी संबंध नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आग्रह पुष्कळांनी केला; तो मी ऐकलेला नाही.

वकिलांच्या कचेरीत पहिला मसुदा टाइप झाला, तेव्हा माझ्या वयापुढे 'गृहिणी' असे आले होते. मी त्यावर बोट ठेवले. टायपिस्ट म्हणाला, "बायकांच्या कागदात तेच असतं, मॅडम. चालतं." आजवर मीही चालवून घेतले. निदान हा कागद तरी बरोबर असावा म्हणून हाताने लिहायला घेतला.

घर, पैसा, हत्यारे यांची वाटणी चहा थंड व्हायच्या आत उरकली असती. अडले आहे ते कलम सातपाशी. कामाच्या खोलीत स्टँडवर माझ्या लेकीचे मातीचे डोके अर्धवट उभे आहे. ते ओले ठेवण्यासाठी माझ्यामागे ती नोकरी सोडून इथेच राहील, ही भीती मला आजारापेक्षा जास्त खाते. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे.

कलम १. वडिलांच्या पश्चात हे घर माझ्या व थोरल्या भावाच्या नावावर निम्मे-निम्मे झाले. माझा निम्मा हिस्सा, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून असलेली पत्र्याची कामाची खोली, माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावा. तिने तो विकायचे ठरवले तर दादाने हरकत घेऊ नये. दादा माणूस वाईट नाही. प्लास्टरने मोरी तुंबली की तो मला शिव्या घालत तार घेऊन बसायचा आणि मोरी वाहती झाली की मलाच चहा आणून द्यायचा. "तुझ्या निम्म्या घरात निम्मी धूळच आहे," असे तो म्हणायचा. ती धूळ माझ्या छातीत गेली आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून म्हणत नाही. दादा, म्हणत जा.

कलम २. कामाच्या खोलीतला मोठा आरसा वहिनींना द्यावा. डोके आरशात उलटे पाहिले की चुका दिसतात, त्यासाठी तो घेतला होता. वहिनी आल्यागेल्याला सांगत, "आमच्या नणंदबाई मागे मातीत खेळतात." मला फार राग यायचा. पण खुद्द पुतळा समितीचे लोक काम पाहायला यायचे तेव्हा तेही दादासमोरच बसायचे आणि त्यालाच विचारायचे, "साहेब, कुठवर आलंय?" दादा म्हणायचा, "मला काय विचारता? मला साधी बाहुली येत नाही." तरी पुढच्या खेपेला पुन्हा त्यालाच विचारायचे. त्यांच्यापुढे वहिनी काहीच नव्हत्या. आरशात त्यांनी स्वतःला सरळच पाहावे. त्या दिसायला चांगल्या आहेत, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले मी ऐकलेले नाही.

कलम ३. बँकेतली रक्कम दवाखान्याचे भागवून उरेल ती लेकीची.

कलम ४. चौकातल्या उभ्या पुतळ्यावर मी कोणताही हक्क सांगत नाही. त्याच्या चौथऱ्यावर सरांचे नाव आहे. मी त्यांच्याकडे मदतनीस होते. सरांना चेहरे कंटाळवाणे वाटत. ते अंगरखा आणि घोडा करत, चेहरा आणि हात माझ्याकडे असत. या पुतळ्याच्या वेळी मला सातवा महिना होता. परांचीवर चढले की सर खालून ओरडायचे, "पोट सांभाळ बाई, पडलीस तर नाव माझं खराब होईल!" सगळे हसायचे, मीही हसायचे. अनावरणाच्या दिवशी मला पाहुण्यांचे पुष्पगुच्छ हातात घेऊन उभे केले होते, एकेक पुढे करायला. सर आता नाहीत. त्यांच्यावर माझा राग आहे, तो मी कोणाला ठेवून जात नाही, माझ्याबरोबरच संपेल. फक्त लेकीने कधी त्या चौकातून जाताना वर पाहावे. त्या तोंडाला एक थकवा आहे. तो त्या थोर माणसाचा नसून माझा आहे.

कलम ५. माझ्या सर्व कोरण्या, तारेची हत्यारे, मोजायचे कंपास आणि फिरता छोटा स्टँड माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या निवृत्त नर्सबाईंना द्यावेत. पहिल्या दिवशी त्या दारातच म्हणाल्या होत्या, "आता या वयात काय शिकणार मी?" आणि मग माझ्याआधी येऊन बसू लागल्या. लेकीला हत्यारे मुद्दाम ठेवलेली नाहीत. हत्यार हाताशी असले की माणूस कशाला ना कशाला लागतो.

कलम ६. मांडणीवरचे सर्व साचे भट्टीवाले काकांनी स्वतःच्या हाताने फोडावेत. काका म्हणजे माझे सगळे ब्राँझ ज्यांच्या कारखान्यात ओतले गेले ते. साचा शाबूत राहिला की त्यातून कोणीही कितीही ओतू शकते, आणि मग एकाच माणसाचे तोंड शाळेतही बसते आणि सोसायटीच्या फाटकातही. काकांना हे सांगितले तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "बाई, मी आयुष्यभर साचे जपले आणि तुम्ही मला हातोडा देता?"

"तुम्हीच फोडायला हवेत, काका. दुसरा कुणी एखादा मागे ठेवेल."

"मी ठेवणार नाही कशावरून?"

"तुम्हाला खोटं बोलताना शिंक येते."

ते बसले. म्हणाले, फोडीन. शिंकले नाहीत.

~~कलम ७. स्टँडवर असलेल्या मातीच्या डोक्यावरचे ओले फडके माझ्या मृत्यूच्या दिवशीच काढावे, खिडक्या उघडाव्यात आणि माती वाळू द्यावी. ती पुन्हा कोणीही ओली करू नये. माझ्या लेकीने तर नाहीच. तिने दुसऱ्या दिवशी निघून कामावर रुजू व्हावे.~~

कलम ७ वर मारलेली रेघ माझी आहे. बाजूला सही केली आहे. इथवरचे सगळे आधीच लिहून झाले होते; रेघ का मारली ते आता सांगते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीचे डोके पूर्ण होईपर्यंत ते सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे लागते. एक दिवस चुकला की नाकापासून तडे जातात. पूर्ण झाले की त्याचा प्लास्टरचा साचा घेतात. मग मातीची काळजी संपते. अर्धवट कामाचा साचा घ्यायचा नाही हा माझा नियम आहे, आणि मी तो कोणासाठी मोडलेला नाही. अर्धवट काम एकदा साच्यात गेले की कोणीतरी येऊन ते पूर्ण करतो आणि खाली आपले नाव घालतो. म्हणून माझ्याकडे काहीतरी कायम ओले असे. लग्नकार्याहून मी अर्ध्यातून परत येई. तापात उठून फडके पिळी. बाळंतपणाला गेले तेव्हा लेकीच्या वडिलांना बजावून गेले होते. ते आनंदात विसरले. तान्ह्या मुलीला घेऊन घरी आले तर स्टँडवरच्या हेडमास्तरांचे नाक जमिनीवर पडलेले. मी बाळ वहिनींच्या मांडीवर दिले आणि स्टँडकडे गेले. लेकीचे वडील पुढे वेगळे राहू लागले, तेव्हा त्यांनीही ही गोष्ट काढली होती. लेक तर भांडणात हमखास काढते. "मी जन्मले तेव्हाही तू आधी हेडमास्तरांकडेच गेलीस."

लहानपणी ती म्हणायची, "माझं पण डोकं कर ना." मी म्हणायचे, ही ऑर्डर संपू दे. माझ्या हातून दुसऱ्यांचे बाप झाले, संस्थापक झाले, अध्यक्ष झाले. लेक राहून गेली. ती मोठी झाली, दुसऱ्या शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. या थंडीत माझे दुखणे कळल्यावर रजा घेऊन आली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच स्टुलावर जाऊन बसली. "आता ऑर्डर नाहीये ना तुझ्याकडे? मग मला कर."

दम होता तोवर केले. कपाळ झाले, डावा डोळा झाला. ओठांचा डावा कोपरा असा आला की मी स्वतःच थांबून पाहत राहिले. रुसून झाल्यावर आणि हसू यायच्या आधी तिचे तोंड जसे होते, तसा. इतके चांगले काम माझ्या हातून कधी झालेले नाही. मग श्वास पुरेना. उजवी बाजू गोळ्यासारखी राहिली.

लेकीने रजा वाढवली. न सांगता फडके ओले करू लागली. पाणी ठिबकणार नाही इतके पिळायला शिकली. एकदा ती फोनवर बोलताना मी ऐकले: "नाही, इतक्यात नाही जमणार. इथे रोज करावं लागतं." तो स्वर मी ओळखला. मी तसेच सांगत आले, सासरी, दवाखान्यात, तिच्या शाळेत.

त्याच आठवड्यात कलादालनाच्या बाई येऊन गेल्या. दरवर्षी महिलांच्या प्रदर्शनात त्या माझे काम उशांच्या अभ्र्यांशेजारी मांडत आल्या आहेत. या वेळी खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "हे असंच ओतू या. अर्धवट. शेवटचं काम म्हणून. लोकांना असं फार आवडतं."

"असं म्हणजे कसं?"

"म्हणजे... तुम्हाला कळतंय ना, ताई."

कळले. त्याच दिवशी मी कलम ७ लिहिले. वकिलांनी वाचून चष्मा काढला. "बाई, मृत्युपत्रात लेकीला वस्तू देता येते. हुकूम देता येत नाही." लेकीने तर वाचून कागद माझ्याच उशीवर ठेवला. "खुशाल काढायला सांग फडकं. मी परत घालीन."

म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी, ती माझी औषधे आणायला गेली असताना, मी ते डोके तोडले. मानेत तार घालून ओढली, मग दोन्ही तळव्यांनी वरून दाबले. माती ओली होती, आवाज झाला नाही. मध्ये दम खायला बसावे लागले. तेवढा वेळ उरलेल्या तोंडाकडे पाठ करून बसले.

लेक आली, दारात थांबली. "तू तोडलंस?"

"तू मोकळी व्हावीस म्हणून."

"मी मोकळीच होते, आई. मोकळी होते म्हणून तर आले." पिशवी खाली ठेवून ती मातीच्या आतल्या सांगाड्याच्या लोखंडाला हात लावत राहिली. "इतक्या जणांची ठेवलीस. माझं एक ठेवायचंस."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. वेळेवर औषध द्यायची, पाणी द्यायची, आणि मी काही विचारले की दादाला उत्तर सांगायची. दादा बिचारा दोघींच्या मध्ये उभा राहून निरोप्यासारखा इकडचे तिकडे सांगायचा. शेवटी तोही वैतागला. "मला एकदा घोड्यावर तरी बसवा, निरोप्या म्हणून पुतळा होईल माझा."

मी तेव्हा पडल्या-पडल्या विचार करत होते. मला वाटत होते, माझे आयुष्य त्या फडक्याने खाल्ले, तिचे खाऊ नये. पण हे ठरवताना मी तिला विचारलेच नव्हते. समितीवाले दादाला विचारायचे, तेव्हा निदान कोणाला तरी विचारायचे.

काल दुपारी कामाच्या खोलीतून थपथप आवाज आला. जाऊन पाहिले तर लेक टबातली माती फरशीवर आपटून मळत होती, कोपरापर्यंत राड. तिने गोळे सांगाड्यावर चढवले, चुकीच्या जागी, आणि हात तसेच ठेवून स्टुलावर बसली.

"कर."

"दम नाही गं माझ्यात."

"होईल तेवढं कर."

"पूर्ण होणार नाही."

"माहितीये मला." मग मान जिथे ठेवायची तिथे बरोबर ठेवली, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडाचा तो कोपरा हलला. "हेडमास्तरांना घाई असेल. मला नाही."

तो कोपरा मला पुन्हा साधणार नाही. हे मला माहीत आहे आणि मला वाटते तिलाही माहीत आहे.

कलम ८. माझ्या मृत्यूच्या दिवशी स्टँडवर जे काही असेल, नुसते लोखंड असो की त्यावर चार गोळे, ते सर्वस्वी माझ्या लेकीचे. ते ओले ठेवावे, वाळू द्यावे, मोडावे, की अर्धवटच साच्यात घालावे, हे तिचे तिने ठरवावे. साच्यात घातल्यास माझा नियम मोडला असे कोणी तिला म्हणू नये. कलादालनाच्या बाईंनी जे बोलायचे ते तिच्याशी बोलावे, दादाशी नाही. नोकरीविषयी मला काहीही लिहायचे नाही. लिहावेसे फार वाटते.

ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. भट्टीवाले काका आणि समोरच्या शिलाईवाल्या ताई यांना मी काहीही ठेवलेले नाही, ते याच कारणाने. ताईंनी वर्षानुवर्षे मला फडक्यांसाठी जुने सुती कापड दिले. ज्यांना सर्वांत आधी द्यायला हवे होते, त्यांनाच साक्षीला घ्यावे लागले.

हा कागद मी दोघांसमोर वाचून दाखवला. दम लागला तिथून पुढे लेकीने वाचला. कलम ८ तिनेच वाचले.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: भट्टीवाले काका (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शिलाईवाल्या ताई (सही)

ठिकाण: कामाची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

माझ्या सहीवरचा डाग मातीचा आहे. हात धुवायला वेळ नव्हता. त्यावरून कागद रद्द समजू नये.