पेटी पोचली, पिस्तूल मागे राहिलं

हॅकबेरी गॅप, आर्कान्सा
९ नोव्हेंबर

आदरणीय एल्डन मामा,

भाचा वेन्डल याचा डोकं वाकवून नमस्कार. इकडे आई, मी आणि दोन्ही कुत्री ठीक आहोत. आईचा गुडघा पाऊस येण्याच्या आदल्या दिवशी दुखतो आणि तो आजवर एकदाही खोटं बोललेला नाही. तुमची तब्येत विचारायला मी गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून अकरा वेळा फोन केला. (अकरा हा आकडा अंदाजाचा नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा ओढल्या आहेत.) फोन वाजतो, वाजतो, आणि मग ओपल मामींचा आवाज येतो, की आम्ही दोघं बागेत आहोत, निरोप ठेवा, लगेच फोन करतो. त्या आवाजानंतर मी फोन खाली ठेवतो. तेव्हा हे पत्र. मामी सप्टेंबरात गेल्या, त्यानंतरचं माझं हे पहिलंच. एरवी माझं प्रत्येक पत्र त्या लाल पेन्सिलने तपासून परत पाठवत. माझी शाळा दहावीत सुटली, पुढची सगळी त्यांनी टपालाने घेतली. आता तपासणारं कोणी नाही म्हणून शब्दकोश शेजारी उघडा ठेवून लिहितो आहे, त्यामुळे वेळ लागतो आहे. रागावू नका.

तुमची पिस्तूल साफ करायची पेटी गेल्या आठवड्यात सोमवारी पोचली. गॅसवाल्याने ट्रकमधून उतरवून हातात दिली आणि म्हणाला, ‘‘तुझ्या मामाने जपून न्यायला सांगितलंय.’’ पितळी गज, ब्रश, तेलाचा डबा, छोटी हातोडी, खिळे ठोकून काढायचे दाभण, रबरी चटई, आणि मामींनी जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनचे कापलेले चौकोनी तुकडे, निळ्या फुलांचे. वर तुमची चिठ्ठी: ‘मला आता लागणार नाही. तुझ्या पहिल्या पिस्तुलाला उपयोगी पडेल.’ मामा, ही पेटी मी लहानपणापासून बघतो आहे. आम्हाला तिला हात लावायलाही परवानगी नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी प्रत्येक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली, यादी केली, आणि यादी पुरी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पेटी इथे आहे आणि तुमचं स्वतःचं पिस्तूल तिथेच आहे. ज्याला पिस्तूल ठेवायचं आहे तो पेटी कशाला देईल? हा प्रश्न मी तात्पुरता बाजूला ठेवला आहे. तो बाजूला राहत नाही हे वेगळं.

आधी मुख्य मुद्दा, म्हणजे तुमचा सल्ला. माझं पिस्तूल तुम्हाला ठाऊक आहे, मार्चमध्ये तुमच्यासमोरच घेतलं. दुकानातलं सगळ्यात काळं, साधं आणि कंटाळवाणं. आता आमच्या पशुखाद्याच्या गिरणीत माझ्याबरोबर पोती चढवणारा लॉनी माझ्या मागे लागला आहे, की यातले भाग बदल. लॉनीच्या पिस्तुलाचा चाप लाल आहे, नळी सोनेरी, मुठीवर माशासारखे खवले, पुढे एक दिवा आणि दिव्याखाली आणखी एक हिरवा दिवा. मूळचा म्हणावा असा त्यात फक्त नंबर उरला आहे. दर तिसऱ्या गोळीला ते अडकतं, पण अडकतं मोठ्या थाटात. माझं बघून तो म्हणतो, ‘‘दुकानातनं आणलंस तस्संच वापरतोयस? अरे, माणूस ट्रक घेतो तर निदान चाकं तरी बदलतो!’’ आणि सगळ्यात आधी चाप बदल म्हणतो, इतका हलका येतो की नुसता मनात विचार आणलास तरी गोळी सुटेल. मामा, मला नेमकी तीच भीती आहे. माझ्या मनात दिवसभरात किती विचार येतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून मी कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे बदलावं याची कारणं लिहिली, सात झाली. उजवीकडे बदलू नये याची लिहिली, तीही सात. मग आठवं सुचलं, ‘मामा काय म्हणतील’, पण ते कोणत्या बाजूला लिहावं ते ठरेना. (ते शेवटी रेघेवरच लिहिलं.) खरं तर तुम्ही काय म्हणाल ते मार्चमध्येच म्हणून झालं आहे. तुमच्या कुंपणावरच्या सहा डब्यांपैकी माझ्याकडून एक पडला, तोही वाऱ्याने. तुम्ही माझ्याच हातातलं पिस्तूल घेऊन उरलेले पाच पाडलेत आणि म्हणालात, ‘‘पिस्तूल ठीक आहे रे. त्याच्या मागे उभा असलेला भाग बदलायला हवा.’’ त्यावर पडवीतून मामी ओरडल्या, ‘‘त्या भागाला आधी जेवायला घाला, कधीचा उपाशी आहे!’’ त्या दिवशीचा मक्याचा पाव अजून जिभेवर आहे.

तरीही मी टपालाने एक चाप मागवला. चूक झाली. परवाच्या रविवारी सकाळी, तुमची चटई स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून मी कामाला बसलो. पिस्तूल रिकामं आहे हे तीन वेळा पाहिलं, चौथ्यांदा आईला दाखवलं. (तिने बघितलं आणि म्हणाली, ‘‘रिकामं आहे. तुझ्या डोक्यासारखं. माझ्या टेबलावरून उचल.’’) ती तयार व्हायला आत गेली तेवढ्यात मी दाभणाने खिळा सरकवला, आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग उडाली. कुठे गेली ते दिसलं नाही. खाली शोधलं, कुत्र्यांच्या अंगावर शोधलं. टेबलावर उरलं होतं ते फक्त आईचं घेवड्याच्या शेंगांचं भांडं, वर तळलेल्या कांद्याचा थर, चर्चच्या सामुदायिक जेवणासाठी. आईला सांगण्याची सोय नव्हती. या टेबलावर पिस्तूल उघडायचं नाही, हे तिने मला माझं पूर्ण नाव घेऊन सांगितलं होतं.

चर्चच्या तळघरात मी त्या भांड्याजवळ पहारा दिला. खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक होता, ट्राउट माशाच्या आकाराचा. कोणी बघत नाही असं पाहून तो मी कांद्यावरून हळूहळू फिरवत होतो. तेवढ्यात प्रुएटबाई, म्हणजे आमच्या चर्चमधले सगळ्यात वयस्कर डिकन प्रुएट यांच्या पत्नी, मागे येऊन उभ्या. ‘‘वेन्डल बाळा, शेंगांना आशीर्वाद देतोयस का रे?’’ मी हो म्हणालो. मामा, चर्चमध्ये खोटं बोललो, त्याबद्दल वेगळी प्रार्थना केली आहे. बाईंना इतकं कौतुक वाटलं, की आशीर्वादाचा पहिला डाव त्यांनी आपल्या नवऱ्यालाच वाढला. डिकन दोन घास जेवले. तिसऱ्याला थांबले, तोंडातून काहीतरी काढून उजेडात धरलं, आणि शांतपणे म्हणाले, ‘‘मार्था, माझ्या कवळीचा एक भाग निसटला.’’ रुमालात बांधून त्यांनी ती स्प्रिंग कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेले. कवळीत स्प्रिंग नसतेच, असं डॉक्टर म्हणाले. डिकन म्हणाले, ‘‘आता नसणारच. निसटली ना!’’ तेव्हापासून त्यांना वरचे दात सैल लागताहेत आणि ते फक्त पुडिंग आणि कुस्करलेला बटाटा खातात. मी रोज सकाळी ठरवतो की आज जाऊन सांगायचं. आज अजून गेलेलो नाही.

तर माझं पिस्तूल चटईवर उघडं पडलं होतं. निदान आहेत ते भाग तरी पुसून ठेवावेत म्हणून मी पेटीतला फ्लॅनेलचा तुकडा घेतला. निळी फुलं. मामी हा गाऊन घालून पडवीत शेंगा सोलत बसायच्या. तो तुकडा मला तेलात बुडवता येईना. नुसता हातात धरून बसलो, आणि बाजूला ठेवलेला प्रश्न समोर येऊन बसला. पेटी दिलीत, पिस्तूल ठेवलंत, तर ते साफ कशाने करणार? याचा अर्थ एक तर तुम्ही ते पुन्हा कधीच वापरणार नाही. पुढचं वाक्य मी चार वेळा खोडलं आहे, पाचव्यांदा लिहितो. किंवा एकदाच वापरणार. मामा, माझा अंदाज चुकला असेल तर मला मूर्ख म्हणा, तसं तुम्ही पूर्वीही म्हटलं आहे आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण मग काल टल्सावरून नॉरीनचा फोन आला. म्हणाली, ‘‘बाबा यंदा हरणाच्या शिकारीला जाणार नाहीत. का विचारलं तर म्हणे, त्याची आता गरज नाही. वेन्डल, गरज नाही म्हणजे काय रे?’’ मला काय माहीत, म्हणालो. तुमची मुलगी आहे ती, ती रडत नाही.

तुम्हाला ड्यूई स्ट्राउडचं ते वर्ष आठवत असेल. त्याचा मुलगा नदीत बुडून गेला ते. मी सोळा वर्षांचा होतो, नुकताच गाडी चालवायला लागलो होतो. तुम्ही म्हणालात, ट्रक काढ. ड्यूईच्या दारात जाऊन तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, ‘‘माझ्या सगळ्या बंदुकांचे नेम बिघडलेत. या हंगामापुरत्या तुझ्या दे.’’ तो म्हणाला, ‘‘सगळ्यांचे?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘सगळ्यांचे.’’ ड्यूई तुमच्याकडे किती वेळ बघत राहिला! मग आत जाऊन त्याने स्वतःच कपाट उघडलं. तीन लांब बंदुका आणि एक पिस्तूल आपण घोंगडीत गुंडाळून आणलं. परतताना मी शहाणपणा करून विचारलं, ‘‘मामा, तुमचे नेम कधी बिघडले? परवाच तर तुम्ही…’’ तुम्ही म्हणालात, ‘‘रस्त्याकडे बघ.’’ मी बघितलं. मला ते कळायला चार वर्षं लागली. एप्रिलमध्ये, टर्कीच्या शिकारीच्या दिवसांत, तुम्ही चारही बंदुका तेल लावून परत नेऊन दिल्यात. त्याने कॉफी दिली. आणि आज तोच ड्यूई दर शनिवारी पत्त्यांत तुम्हाला फसवतो.

बाकी सर्व ठीक. कोंबड्यांनी थंडीमुळे अंडी कमी केली आहेत. चाप बदलावा की नाही, ते सविस्तर कळवावं.

तुमचा आज्ञेतला,
वेन्डल

ता. क. – डिकनांच्या खिशातली स्प्रिंग मिळाल्याशिवाय माझं पिस्तूल चालणार नाही, म्हणून तुमचं मला या हंगामापुरतं वापरायला द्यावं ही विनंती. दोन्ही चापांची तुलनाही होईल. तुलनेसाठी तुमच्या तिन्ही लांब बंदुकाही लागतील. (लांब बंदुकीच्या चापाची पिस्तुलाशी तुलना होत नाही हे मला ठाऊक आहे. तरी लागतील.) शनिवारी सकाळी दहाला ट्रक घेऊन येतो.

ता. क. २ – वरची ता. क. खोटी आहे. तसली स्प्रिंग दुकानात मिळते, माझ्या खिशात दोन आहेत. नवा चाप परत पाठवला, जुनाच बसवला, पिस्तूल पहिल्यासारखं कंटाळवाणं झालं. मग ते नेऊन ड्यूईच्या कपाटात ठेवलं, म्हणजे तुमच्या बंदुका तिथे एकट्या पडणार नाहीत. किल्ली नॉरीनकडे टल्साला जाईल. ड्यूईला मी सगळं नीट समजावून सांगणार होतो, पाठ करून गेलो होतो, पण त्याने मला पुरं बोलूच दिलं नाही. खुंटीवरची टोपी घेतली आणि विचारलं, ‘‘कधी निघायचं?’’ तो शनिवारी माझ्याबरोबर येतो आहे. त्याच्या सगळ्या बंदुकांचे नेम बिघडले आहेत, असं तुम्हाला कळवायला त्याने सांगितलं आहे.

ता. क. ३ – चुका लाल पेन्सिलने दाखवून हे पत्र परत द्यावं. पेन्सिल मामींच्या शिवणाच्या डब्यात असेल. डिकनांना मी उद्या सांगतो, नक्की.

ता. क. ४ – पेटीही परत आणतो आहे. निळ्या फुलांचा एकही तुकडा वापरलेला नाही, मोजून ठेवले आहेत. एप्रिलमध्ये तुम्हाला लागतील.