पिल्लू नदी पोहून गेलं

गाबोन, रविवार

आई-दादांना स्नेहाचा मायेचा जयभीम.

मी बरी आहे. मधे ताप आला होता, तो उतरला. आई, पोटभर जेवते गं. दादांचा गुडघा कसा आहे?

दादा विचारत होते, ‘आफ्रिकेत कसली माकडं बघती?’ ही मांजरापेक्षा लहान, हिरवट-पिवळी असतात. शास्त्रीय नाव मायोपिथेकस ओगूएन्सिस. पहिल्या शब्दाचा अर्थ छोटं माकड. दुसरा इथल्या ओगोवे नदीवरून आलाय, आपल्या आडनावात गाव असतं तसा. ती पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर झोपतात.

त्यांतलं एक पिल्लू, ज्याची आई मेली होती, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. काल पलीकडच्या काठावर कळप दिसला आणि त्यानं माझ्या खांद्यावरून थेट नदीत उडी मारली.

“अरे, बुडशील!” मी ओरडले.

ते सरळ पोहत गेलं. एका मादीनं त्याला हुंगलं, जवळ ओढलं. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मला रडू आलं, पण लई बरंही वाटलं.

दादा, विमानतळावर मला सोडायला आलात तेव्हा तुम्ही गाडीतून उतरला नाहीत. का, ते काल कळलं.

तुमची लाडकी,
स्नेहा