रात्रीची सोबत

मुंबई, ६ फेब्रुवारी १९७६

ती. चंपाआत्यास,
सुलूचा शि. सा. न. वि. वि.

रागाने डोकं फिरलंय, म्हणून तुला लिहितेय. बी.एस्सी.नंतरच्या आमच्या या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाला कंपनीतले अधिकारी शिकवायला येतात, हे तुला ठाऊकच आहे. कॉलेजकडे मशीन नाही, ते त्यांच्या कंपनीत. दिवसा त्यावर कंपनीचं काम, आमची पाळी रात्री. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या जयकुमारसाहेबांनी वर्गात सांगितलं की रात्री मुलींना आत घेता येणार नाही, जबाबदारी कोण घेणार? मी माझ्या प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं वर्गातल्या महिपतकडे द्यायची, तो ती मशीनवर चालवील, आणि प्रकल्पावर नाव दोघांचं. त्याचं आधी. आत्या, हा महिपत स्वतःचा प्रोग्रॅम माझा बघून लिहितो!

बाबा पत्रात म्हणतात, पदवी मिळतेय ना, मग गप्प बस. पण प्रकल्पच माझा नसला, तर मला नोकरीसाठी दारात कोण उभं करणार?

बोंबील वाळले का? माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुलू

उत्तन, ११ फेब्रुवारी

चि. सुलूस अ. उ. आ.

तुझ्या बापाला बोंबील वाळत घालता घालताच झापलं. म्हटलं, धाकू, बोट किनाऱ्याला लागली की माल बायकांचा, भाव बायकांचा. तू जन्मात पापलेटाचा भाव केला नाहीस. मग पोरीचा माल दुसऱ्याच्या पाटीत टाकायला सांगणारा तू कोण? त्यावर तो जाळं शिवायला निघून गेला.

साहेबाला विचार, रात्री तिथे झाडायला कोण येतं? बायाच येत असतील. त्यांची जबाबदारी कोण घेतं? मी इतकी वर्षं अंधारात पाटी घेऊन बाजार गाठते, मला कुणी अडवलं नाही. तरी सोबतच हवी असेल तर मी येते. लुगडं दोनदा धुवून येईन, वासाचं निमित्त नको.

जेवत जा. जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
चंपा

मुंबई, ४ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सोबतीच्या अटीवर साहेबांनी मला आत घेतलं. मशीनच्या त्या गार खोलीत माझी शाल पांघरून तू रात्रभर बसलीस, म्हणून प्रकल्प माझ्या एकटीच्या नावावर गेला. छापील कागद बाहेर आला तेव्हा माझ्याआधी तूच त्यावरून हात फिरवलास. झाडणाऱ्या दोघी आल्या तेव्हा साहेबांनी पाय वर घेऊन त्यांना वाट दिली, तेही तू पाहिलंस. त्या दोघींची जबाबदारी कोण घेतं, हा प्रश्न साहेबांना मात्र पडला नाही.

आणि आज कॉलेजात सूचना लागली. पुढच्या वर्षापासून प्रत्येक मुलीने रात्री घरची एक वडीलधारी बाई सोबत आणावी. साहेब म्हणाले, कंपनीने मुलींची सोय केली. गावाकडून आलेल्या मुलींनी कुणाला आणायचं? आपण भांडलो त्याचा त्यांनी नियम करून टाकला. मला रडूच आलं.

तुझीच,
सुलू

उत्तन, ९ मार्च

चि. सुलूस अ. उ. आ.

रडू नकोस. पुढच्या वर्षी ज्या मुलींना घरचं कुणी नाही, त्यांची नावं कळव. माझ्याबरोबर बाजारात बसणाऱ्या आनंदी, शालू, सरूबाई, सगळ्या तयार आहेत. बाजाराला जाता जाता साहेबाच्या त्या गार खोलीत बसू.

आहे तो लोभ दोन्ही बाजूंनी वाढता राहो.

तुझी आत्या,
चंपा

ता. क. या खेपेला लुगडी धुवून येणार नाही. पाट्याही आतच ठेवू.