गांडूळ अडकलं तर

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीच्या हाती देते आहे. समोर बोलले असते तर 'आमच्या साहेबीणबाई घाबरल्या' म्हणून तू हसण्यावारी नेलं असतंस.

घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि आई त्याहून जास्त. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिने टीव्हीच्या वर टांगलंय. मीटर बघायला आलेल्या माणसालाही आधी ते दाखवते, मग मीटर.

उद्या आमचा यांत्रिक हात तुमच्या कारखान्यातल्या मोठ्या टाकीत आतली तपासणी करायला उतरणार. तू त्याला गांडूळ म्हणतोस, आणि खरं सांगायचं तर आता आम्हीही म्हणतो. छोटे छोटे सांधे, त्यांतून ओवलेल्या तारा. बाहेरच्या मोटरी तारा ओढतात तसा तो वळतो. डोकं जिथे वळलं तिथेच मागचा प्रत्येक सांधा वळायला हवा, नाहीतर पोट टाकीतल्या आडव्या पत्र्यांना घासतं. ते सगळं गणित माझ्याकडे आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही त्याला प्लायवूडच्या खोट्या टाकीत सोडलं. आत गेला अगदी सुरेख. मध्येच कॅमेरा बंद पडला आणि आमच्यातल्या एकाने सवयीने 'मूळ जागी ये'चं बटण दाबलं. टेबलावर काम करताना आम्ही दिवसभर तेच दाबतो. हात सरळ होतो आणि आम्ही चहाला जातो. पण आत, आडव्या पत्र्यांच्या मध्ये तो सरळ व्हायला गेला आणि पाचर बसावी तसा घट्ट बसला. तारा करकरायला लागल्या. शेवटी प्लायवूड कापून त्याला सोडवावं लागलं. आता मी ते बटण बदललंय, दाबलं की तो आल्या वाटेनेच माघारी येतो. किती वेळा तपासलं, विचारू नकोस. तरी खात्री वाटत नाही. तुमची टाकी लोखंडाची आहे, ती कापता येणार नाही. आणि आतले पत्रे गंजून कुठे कसे वाकलेत, हे आमच्या नकाशाला कुठे ठाऊक आहे?

आमचं काम बघणाऱ्या सरांना मी विचारलं, तिथे अडकला तर? ते म्हणाले, अगं, टाकीत उतरणारी माणसं आहेतच की, आणि त्यातला सगळ्यात सडपातळ तर तुझा भाऊच. सगळे हसले. घरचाच माणूस आहे, मग काळजी कसली, असं त्यांना वाटलं. मी घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

बाबांबद्दल आपण बोलत नाही. तू पहिल्यांदा कामावर निघालास तेव्हाही आई नुसती भरलेला डबा पुन्हा उघडून पाहत राहिली. बाबांचं त्या दिवशीचं काम संपलं होतं रे. ते टाकीतून बाहेर आले होते. आत राहिलेला दिवा आणायला परत उतरले. एका दिव्यासाठी कशाला, म्हणून कमरेला दोरही बांधला नाही. तेवढ्यात आतली हवा बिघडली होती. माणसाने आत जाऊच नये, म्हणून मी हा हात करायला घेतला. आणि दादा, त्याच्याही टोकाला दिवाच आहे.

टाकीपेक्षा मला भीती माझीच वाटते. गांडूळ अडकलं तर सगळे तुझ्याकडे बघतील. तू काहीतरी टोमणा मारत दोर बांधायला लागशील. आणि इतकी मेहनत आत अडकलेली बघून मीच म्हणून बसेन, दादा, जरा बघतोस का? तू मला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाहीस. म्हणून डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून ठेवते: उद्या मी विनवण्या केल्या, रडले, तुझ्यावर ओरडले, तरी उतरायचं नाही. तारा कापायची मोठी कात्री मी बरोबर घेतली आहे. राहू दे त्याला आत. तू बाहेर उभा राहा, मला दिसशील असा.

तुझीच,
घाबरलेली साहेबीण