आइसलँडहून निघालेलं जहाज

अब्बा, अम्मा जेवत नाही. तुमची थोरली, आपा, पेज घेऊन बसते तर दोन-चार चमचे घेते आणि तोंड फिरवते. मासळीचं ताट पुढं आलं की हातानं बाजूला सारते. आपा विचारते, का गं, तर म्हणते, "ह्यांचं जहाज अजून पाण्यात आहे." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी तेव्हा सातवीत होतो, मशिदीमागं तुम्हाला माती दिली तेव्हा कुणीतरी मला मागून धरलं होतं. त्यानंतर मी शाळेत गेलोच नाही. ते सगळं अम्माच्या डोक्यातून पुसून गेलंय. राहिलंय ते एवढंच की नवरा बोटीवर भंडारी आहे, परक्या लोकांना रांधून घालतो, आणि आपण त्याची वाट बघायची.

आपल्या घरातली रीत तुम्हाला मी काय सांगणार. आपलं माणूस ज्या पाण्यावर आहे त्या पाण्यातलं काढून खायचं नाही, हे अम्मानं तिच्या आईकडून घेतलं. तुम्ही बंदराला लागल्याची खबर आली की त्या दिवशी घरात बांगडे तळायचे आणि शेजारणी म्हणायच्या, वास आला, भंडाऱ्याची बोट लागली वाटतं. पण तुम्ही घराकडं निघालात की नुसत्या खबरीवर भागायचं नाही. त्या फेरीला ती दिवसातून एकच वेळ जेवायची, तेही साधं, आणि तुम्ही दारात येऊन, हातपाय धुऊन, पाटावर बसून तुमच्या ताटातला पहिला घास तिला दिलात की सुटायची. आता ती विसरते, अब्बा. सकाळी आपा ताट घेऊन जाते तर म्हणते, माझी एक वेळ झाली. दुपारी म्हणते, माझी एक वेळ झाली. संध्याकाळीही तेच. कुठली वेळ झाली, कुणी बघितली? पोटात काही नाही आणि ती समाधानानं बसलेली असते.

हे माझ्यामुळं झालं. कसं ते सांगतो.

गेल्या वर्षी मी इथून आखातातून, जहराहून फोन केला तर अम्मा म्हणाली, "अवो, कुठून बोलताय?" आपा म्हणते माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा झालाय. मी म्हटलं, "अम्मा, मी आहे, तुझा मुलगा." तर म्हणाली, "तो शाळेत गेलाय," आणि रडायला लागली की हा कोण माणूस माझ्याशी बोलतोय. दोन-तीन वेळा असंच झालं. मग एकदा मी थकलो होतो, गाडीत बसून बोलत होतो, बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. ती म्हणाली, "अवो, जहाज कुठं लागला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आइसलँडला." तुमच्या सगळ्या बंदरांत मला तेच एक पाठ होतं. ती खुदकन हसली. म्हणाली, "परत तिथंच? तिथं तुम्ही थापा मारायला शिकलात." आणि त्या दिवशी ती जेवली, अब्बा. आपानं फोन करून सांगितलं, दोन बांगडे खाल्ले, काटे चोखून.

मग मी रोज तुम्ही व्हायला लागलो. तुम्ही सांगितलेलं सगळं तिला परत सांगायचो. जमिनीला एक भोक आहे, त्यातलं पाणी पेजेच्या टोपासारखं आधी नुसतं वर-खाली होतं, मग निळा फुगा येतो, आणि मग माडाच्या दुप्पट उंच उडतं. सगळे लोक गोल उभे राहून त्याची वाट बघतात, आणि उडालं की पोरांसारखे ओरडतात. एक धबधबा असा की त्याच्या मागून चालत जाता येतं, पाण्याच्या पडद्याआडून उन्हाकडं बघता येतं. काळ्या वाळूची पुळण, जळालेल्या भातासारखी काळी, आणि तिच्यावर बर्फाचे तुकडे येऊन पडलेले, म्हशीएवढे, काचेसारखे. तिथं समुद्राकडं पाठ करून उभं राहायचं नाही, लाट न सांगता येते. आणि भाकरी. भंडारी म्हणून तुमचा जीव त्या भाकरीत अडकला होता. बाई पीठ डब्यात घालते, डबा तळ्याकाठच्या गरम वाळूत पुरते, दुसऱ्या दिवशी उकरून काढते तर आत काळी, गोड, गुळाच्या पोळीसारखी भाकरी तयार. ना चूल ना लाकडं. वाडीत तुम्ही हे सांगितलंत तेव्हा चहाच्या टपरीवर तो म्हातारा खलाशी म्हणाला होता, "भंडारी आला रे, आता जमिनीतून चहा काढणार!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण घरी येताना माझा हात तुम्ही जरा जास्तच दाबून धरला होता, ते माझ्या हाताला अजून आठवतं.

आणि त्या हौदाची गोष्ट. बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून तुम्ही त्या बंदरात अडकलात, एजंटनं सगळ्यांना गाडीत घालून फिरवलं आणि शेवटी गरम पाण्याच्या हौदावर नेलं. तिथला नियम असा की आधी साबण लावून, अंगावर एक चिंधी न ठेवता, सगळ्यांच्या देखत अंघोळ करायची, तरच हौदात उतरायचं. तुम्ही कमरेला लुंगी बांधून उभे. तिथला पहारेकरी म्हातारा लुंगीकडं बोट दाखवून नाही म्हणतोय, तुम्ही वर बोट दाखवून नाही म्हणताय. शेवटी त्यानं तुम्हाला बाहेर बाकावर बसवून कॉफी पाजली आणि बाकीचे आत डुंबत राहिले. अम्माला ही गोष्ट फोनवर सांगितली की ती पदर तोंडाला लावून हसते, आपा सांगते मला. "बरं केलंत वो, लाज ठेवलीत," म्हणते. हे सांगताना मीही इथं गाडीत एकटाच हसतो, आणि मग आरशात बघितलं की डोळे लाल दिसतात.

मी ज्या घरी ड्रायव्हर आहे तिथल्या म्हाताऱ्याला आम्ही सगळे बाबा म्हणतो. त्यांचे पाय गेलेत. त्यांना खुर्चीतून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत उचलून ठेवणं माझं काम, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. आठवड्यातून एकदा आम्ही शर्कच्या मासळी बाजारात जातो. ते खुर्चीत बसून जुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, कल्ला उघडून बघतात आणि विकणाऱ्याला शिव्या घालतात. एक दिवस टीव्हीवर त्या बेटावरचा डोंगर फुटलेला दाखवत होते, जमिनीला पडलेल्या फटीतून आगीची भिंत उभी. मी म्हटलं, "बाबा, मेरा अब्बा उधर गया था." ते म्हणाले, "तेरा अब्बा? रत्नागिरी से उधर? कैसे, तैर के?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मोठ्या मुलाला हाक मारली, त्यानं मोबाईलवर शोधलं. भोकातलं पाणी निघालं, धबधब्यामागची वाट निघाली, काळी वाळू निघाली, पुरलेली भाकरी उकरणारा माणूससुद्धा निघाला. बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, "तेरा बाप सच्चा आदमी." अब्बा, वाडीत कुणी जे म्हटलं नाही ते एका परक्या म्हाताऱ्यानं म्हटलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेलो.

दरवर्षी हे लोक उन्हाळ्यात लंडनला जातात. ह्या वर्षी बाबा हटून बसले, आइसलँड. आणि "मला उचलायला हाच पाहिजे" म्हणाले, म्हणून माझंही नाव. माझी घरी यायची सुट्टीही त्याच दिवसांत होती. मोठ्या मुलानं विचारलं, "घर जाना है या हमारे साथ आना है?" मी विचार केलाच नाही, आना है म्हटलं. आपाला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बर्फाला आग लाव." मी म्हटलं, "आपा, आग त्याला आधीच लागलीय." ती हसली नाही.

मग मी ती चूक केली. पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात दिला, बोटांचे ठसे दिले, आणि त्याच आनंदात अम्माला फोन केला. मला वाटलं, ही बिचारी वर्षभर एकाच बंदरात अडकलेल्या जहाजाची वाट बघतेय, तिला काहीतरी चांगलं सांगावं. तुमच्या आवाजात सांगितलं, "निघालो गो. घराकडं निघालो." ती एवढी खूष झाली की तिनं फोन आपाच्या हातात दिला आणि केस विंचरायला बसली. मला रीत आठवलीच नाही. घराकडच्या फेरीची ती एक वेळ, तो पहिला घास, काही म्हणजे काही आठवलं नाही. तुम्ही असताना मी लहान होतो, मला फक्त शेवटचा दिवस माहीत, तुम्ही दारात आणि घरभर मासळीचा वास. मधले उपाशी दिवस तिचे होते. ते मी कधी मोजलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी फोन करून म्हटलं, "जहाज परत फिरवलं गो, आइसलँडलाच आहे." तर म्हणाली, "असं कुठं होतं काय? एकदा निघालेला जहाज परत फिरतो?" मग म्हटलं, मुंबईला लागलो. तर म्हणाली, "मग या की. ताट मांडून ठेवलंय." आपा चिडून मध्येच बोलली, "अम्मा, अब्बा नाहीत आता, किती वर्षं झाली." त्यावर अम्मानं तिला अशी शिवी दिली की आपा फोन तसाच चालू ठेवून बाहेर जाऊन रडली. आता डॉक्टर सलाईन लावतात, अम्मा सुई उपसून टाकते. आपाचं रोज एकच, "तू ये. तुझ्याशिवाय हे सुटणार नाही. तूच निघालास, तूच ये." आणि माझा पासपोर्ट तुमच्या बेटाच्या लोकांकडं.

मी व्हिसाच्या ऑफिसात गेलो. काचेमागचा मुलगा केरळचा होता, भला होता. म्हणाला, "भाई, मागे घ्यायचा तर तोही अर्ज तिकडंच जातो, वेळ तेवढाच लागतो. थांब." मोठा मुलगा म्हणाला, "सबर कर, आयेगा." बाबांना मी सांगितलं, बाबा, अम्मी खाना नहीं खाती, मेरेको जाना पडेगा. ते म्हणाले, "तो मेरेको उधर कौन उठायेगा?" त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "जा. मैं लंडन जायेगा. उधर सब उठाता है, पैसा लेके." ते हसले, पण तोंड फिरवून हसले. माझ्यामुळं त्यांचंही बेट गेलं.

ते दिवस कसे काढले ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. आपाचा फोन आला की आधी आवाज ऐकायचो, शब्द नंतर. जेवायला बसलो की घास फिरायचा तोंडात, म्हणून मीही मासळी सोडली. इथल्या खोलीतले म्हणतात, हा नवीन काय रोजा? मी काही सांगत नाही.

आज पासपोर्ट आला. उद्या सकाळचं विमान आहे, मुंबईहून पुढं गाडी. अब्बा, मला भीती कशाची वाटते ते ऐका. फोनवर मी तुम्ही होतो. दारात मी नुसता मी असेन, तुमच्यापेक्षा बुटका, तुमच्यापेक्षा तरणा, अंगावर ड्रायव्हरचा शर्ट. तिनं बघितलं आणि म्हणाली, हे कोण, तर? मी हातपाय धुवीन, पाटावर बसेन, पहिला घास उचलीन. तिनं तोंड उघडलं तर उघडलं. तोंड मिटूनच बसली तर मग मला ह्या जगात पुढं काय करायचं ते माहीत नाही. तुमची कुठली गोष्ट त्याच्यापुढं उपयोगी पडत नाही. तुम्ही बंदरातून दारापर्यंत काय बोलत यायचात, कसे खाकरायचात, ते मी आता आठवायला बसलोय आणि मला फक्त तुमची पाठ आठवते.

हे कागद मी कुठं पाठवणार, आणि घरी नेले तर आपा वाचेल. म्हणून इथंच गादीखाली राहतील. तेवढ्यासाठी एक लिहून टाकतो. आपाला मी सांगितलंय की पासपोर्ट संध्याकाळी हातात पडला. तो दुपारी पडला होता. मी ऑफिसाखाली गाडीत एसी लावून बसलो आणि व्हिसाचं ते पान बघत राहिलो, माझा फोटो, माझं नाव, सगळं बरोबर. आज संध्याकाळच्या विमानात एक जागा होती, अब्बा. मी तिकीट काढायला वर मान केली तोवर ती गेली होती.