अण्णांच्या सांत्वनभेटी

१ सप्टेंबर, धाराशिव

आमचे सर म्हणायचे, परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर रोज टिपण लिहायची सवय लावा, राजदूताचं निम्मं काम तेच. सेवा राहिली दूर, सवय तेवढी लागली. तर आजचं टिपण: राजदूत युसरा नळदुर्गहून एसटीनं धाराशिवला दाखल. सोबत दोन बॅगा आणि अम्मीनं दिलेला लोणच्याचा डबा. डब्याचं झाकण गळकं निघालं, त्यामुळं राजदूताचे दोन ड्रेस बाद.

राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एम.ए. झाले, तेव्हा निरोप समारंभाच्या पाहुण्यांनी आमच्यापुढं करिअरचं भरलेलं ताट मांडलं होतं. दूतावास, संयुक्त राष्ट्रं, संशोधन संस्था, वर्तमानपत्रं, निवडणुकीचे सल्लागार. माझ्या वाट्याला आले स्पर्धा परीक्षेचे फसलेले प्रयत्न, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकीची एक मुलाखत (जागा आधीच भरलेली होती), आणि आता गौरीशंकर अण्णांचं संपर्क कार्यालय. शेजारणी विचारायच्या, राजकारण शिकून काय होतात गं, नगरसेवक? मी सरळ हो म्हणायचे.

पण मी खूश आहे. अब्बा गेल्यापासून घरात अम्मी एकटी, बीपीच्या गोळ्या घ्यायला हमखास विसरते. इथून दर रविवारी घरी जाता येईल. अम्मी धडधाकट राहू दे, बाकी करिअर होत राहील.

५ सप्टेंबर

अण्णा साठीचे, कपाळाला विभूती, आवाज मऊ. एकेकाळी जिल्हा परिषदेत होते. भाषण करत नाहीत, फीत कापायला जात नाहीत. पण मतदारसंघात कुठंही मयत झाली की अण्णा तिथं हजर. लग्नाला आले नाहीत तर लोक समजून घेतात, मयताला आले नाहीत तर नातवंडांनाही सांगून ठेवतात. हे आमच्या कुठल्याच पेपरला नव्हतं.

माझं काम म्हणजे आधी फोन करून खात्री करायची, घर कुठं ते विचारायचं, आणि जवळचं माणूस मागं कोण राहिलंय ते अण्णांना सांगायचं. अण्णा पांढरा सदरा घालतात, आत जाऊन त्या मागं राहिलेल्यापाशी खाली सतरंजीवर बसतात, त्याचा हात हातात घेतात आणि रडतात. मला वाटलं होतं मतांसाठीचं नाटक असणार. आज पाहिलं. ते नाटक नाही. मीच डोळे पुसत गाडीत बसले. ड्रायव्हर ज्ञानोबामामांनी मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

१२ सप्टेंबर

आज फजिती झाली. सकाळी अण्णा म्हणाले, बेंबळीला जायचंय, शरणबसप्पा व्यापाऱ्याकडं. मी नेहमीसारखा फोन लावला, तर खुद्द शरणबसप्पाच बोलले! सोयाबीनचा भाव विचारायला फोन केला असं समजून मला झापलंसुद्धा. मी हसत हसत अण्णांना सांगितलं, माणूस ठणठणीत आहे. अण्णा पांढरा सदरा चढवून गाडीत बसले.

बेंबळीत शरणबसप्पा दारातच उभे, हात जोडून या या करताहेत. अण्णांनी त्यांच्याकडं मान वर करून पाहिलंदेखील नाही. थेट आत गेले, त्यांच्या बायकोपाशी, इरम्मांपाशी बसले, त्यांचा हात धरला आणि रडू लागले. इरम्मा गोंधळून कधी नवऱ्याकडं, कधी माझ्याकडं बघताहेत. जिवंत माणसासमोर त्याच्याच बायकोचं सांत्वन! लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग शिकलेलं कामी आलं. म्हटलं, ही सदिच्छा भेट आहे, अण्णा जुन्या माणसांच्या आठवणीनं हळवे झालेत. शरणबसप्पांनी हसून चहा पाजला.

परतताना गाव जेमतेम मागं पडलं होतं, तोच फोन आला. चहाचा कप खाली ठेवता ठेवता शरणबसप्पा कोसळले होते.

योगायोग असणार. वय झालं होतं त्यांचं.

१९ सप्टेंबर

योगायोग नाही.

आज धुरपताबाईंकडं गेलो. त्यांनी स्वतः आम्हाला पाणी दिलं, शेळीला हुसकलं, मला लग्नाचं विचारलं. अण्णांनी त्यांच्याकडं नजर टाकली नाही. त्यांच्या म्हाताऱ्या नवऱ्याचा हात धरून बसले. मी धुरपताबाईंना म्हणाले, मावशी, आजच्या आज दवाखान्यात चला. त्या हसल्या, मला काय धाड भरलीय म्हणाल्या. संध्याकाळी त्या गेल्या.

ज्ञानोबामामांना गाठलं. त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणाले, "अण्णा कुणाला नेत न्हाईत, ताई. अगुदर पोचत्यात, येवढंच." एकदा मामांनी मुद्दाम पंक्चरचं सोंग करून गाडी जाऊ दिली नव्हती. तो माणूस गेलाच. त्याच्या बायकोचा हात धरायला तेवढं कुणी नव्हतं. मामांनी पुन्हा गाडी अडवली नाही.

२४ सप्टेंबर

उन्हाळ्यात अर्ज केला होता, त्या दिल्लीच्या संशोधन संस्थेचं पत्र आलं. निवड झाली! शेजारी देशांच्या संबंधांवर काम. निरोप समारंभातल्या त्या ताटातला एक पदार्थ, खरंच माझा. अम्मी फोनवर आधी रडली, मग हसली, मग शेजारणीला हाक मारायला फोन तसाच टाकून पळाली. अम्मीलाही दिल्लीला नेणार. या गाडीपासून, या पांढऱ्या सदऱ्यापासून लांब.

अण्णांना राजीनामा दिला, अजून पंधरा दिवस काम आहे. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बघत होते भिंतीकडं. मग मी विचारलंच, हे सगळं काय आहे. ते सांगू लागले. ऐन प्रचारात त्यांची आई गेली. निरोप मिळाला होता, पण सभा संपवून निघू म्हणाले, आणि पोचले तेव्हा माती झाली होती. म्हातारे वडील ओट्यावर एकटे बसलेले. त्या दिवशी शिवापुढं बेल वाहून मागणं मागितलं, की यापुढं कुणाच्या घरी मला उशीर होऊ देऊ नकोस.

"म्या फकस्त पोचतो, पोरी," म्हणाले. रडले. माझ्याकडं अजूनही पाहिलं नाही. मला वाटलं, लाजले असतील.

२ ऑक्टोबर

अण्णा सकाळी म्हणाले, उद्या नळदुर्ग.

मी विचारलं, नळदुर्गला कुणाकडं? ते आत निघून गेले. पुन्हा विचारलं, दार वाजवलं. आतून रडण्याचा आवाज येत होता.

ज्ञानोबामामा गाडी पुसत होते. त्यांना विचारलं. ते पुसतच राहिले, एकच काच, पुन्हा पुन्हा—

अम्मी फोन उचलत नाही.

एसटीत आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय. या अल्लाह, तिला नको. माझं काहीही घे. दिल्ली घे. तिला नको.

२ ऑक्टोबर, नळदुर्ग

अम्मी आहे! ओट्यावर बसून शेवया मोडत होती. फोन चार्जिंगला होता म्हणे. मी तिला अशी मिठी मारली की शेवया सांडल्या, आणि वर बोलणीही खाल्ली.

ओढतच डॉक्टरांकडं नेली. बीपी व्यवस्थित, कार्डिओग्राम व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, अम्मीपेक्षा तुमचाच चेहरा उतरलाय, झोपा जरा. म्हटलं, अम्मी, आत्ताच्या आत्ता सोलापूरला खालाकडं चल. ऐकत नाही. अण्णांनीच तिला फोन केला होता, उद्या येतो म्हणून. तिला वाटतंय, माझ्या नोकरीचं अभिनंदन करायला येताहेत. गल्लीभर सांगून झालंय. "मेहमान आनेकू है, और घरकू ताला लगाते क्या?" म्हणते.

खरं सांगितलं. सगळं. ती हसली, माझ्या कपाळाला हात लावला. ताप है तेरेकू, म्हणाली.

३ ऑक्टोबर

रात्रभर तिचा श्वास ऐकत बसले. चालू होता.

सकाळी तिनं नवी साडी नेसली. माझ्यासाठी दिल्लीला न्यायचा स्वेटर काढून ठेवलाय. तिथं थंडी असते ना. एका बाहीचं विणकाम राहिलंय, आज पुरं करते म्हणाली.

दाराला आतून कडी लावली. तिनं काढली. मी लावली. तिनं—

गाडी आली.

मी स्वयंपाकघरात. इथून बाहेरची खोली दिसते. लिहीत राहिले की हात स्थिर राहतो, म्हणून—

पांढरा सदरा.

अम्मी हसतेय, खुर्ची पुढं करतेय. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. खाली बसले. तिचा हात हातात घेतला.

तिच्याकडं बघताहेत. सरळ तिच्या डोळ्यांत. रडताहेत.

शरणबसप्पांकडं पाहिलं नव्हतं. धुरपताबाईंकडं पाहिलं नव्हतं. हात धरला तो इरम्मांचा. धुरपताबाईंच्या नवऱ्याचा. मागं राहणाऱ्याचा—

म्हणजे अम्मी राहणार. या अल्लाह, शुक्र आहे, अम्मी राहणार! तिला काही होणार नाही, ती—

अम्मी विचारतेय, साहब, हुआ क्या, रोते काय कू? ज्ञानोबामामा दारात. मान खाली. मी त्यांना हाक मारली, तेही माझ्याकडं बघत—

हात जड झालाय. पेन धरवत नाही.

अम्मीला सांगायला हवं, गोळी सकाळची, डबीत, निळ्या— ती विसरते. रोज कुणीतरी आठवण— अण्णा, तिचा हात सोडू नका, ती एकटी आहे, तिला माझ्याशिवाय कु