दोघांना एका कपाटात ठेवण्याबाबत

तीर्थरूप अक्का,

पत्रातूनच वाकून नमस्कार करतो. प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला घरात कोणी नाही, म्हणून कागदावर वाकलेलं बरं. तुझी कंबर, तुझा डावा कान आणि तुझा रक्तदाब या तिघांची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. माझं बरं आहे. (सकाळी छातीत काहीतरी हललं होतं, पण ती ढेकर निघाली.)

परवा तुझ्या लेकीचा फोन आला. तुला जिने चढवत नाहीत, म्हणून तू वृद्धाश्रमात नाव घातलं आहेस आणि महिनाअखेरीला तिथली खोली मिळणार आहे, असं ती म्हणाली. त्यावर मी काही बोलायचं नाही असं ठरवलं आहे. तू मोठी आहेस, तू विचार केलेलाच असणार. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं की मामा, तुम्ही एकटे कसे राहता. हे तू विचारायला सांगितलंस की तिचं तिनेच विचारलं, ते मला कळलं नाही, आणि तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. तर कळवतो की मी एकटा नाही. माझ्याकडे किडे आहेत.

घाबरू नकोस, अंथरुणातले नव्हेत. हिरवे, लांब मानेचे, पुढचे दोन पाय जोडून बसतात ते. त्यांना प्रार्थनाकीटक म्हणतात, असं शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. (मी चौथीत शाळा सोडली तेव्हा आमचा धडा किड्यांपर्यंत पोचला नव्हता.) तुझी भावजय गेल्यावर तिच्या कुंडीतल्या झाडाला मी पाणी घालत राहिलो, दुसरं काही करायचं सुचलं नाही म्हणून. एकदा फांदीला वाळलेल्या साबणाच्या फेसासारखा एक गोळा चिकटलेला दिसला. झाडाला गळू झालं असं समजून मी फांदी कापली आणि दुकान मोडताना घरी आणलेल्या घड्याळांच्या काचेच्या कपाटात ठेवून दिली. पंधरा दिवसांनी त्या गोळ्यातून मुंगीएवढी पोरं लोंबकळत बाहेर पडायला लागली. डोळ्याला भिंग लावून मोजली, एक्याण्णव भरली. अक्का, दोन वर्षांत या घरात माझ्याशिवाय काही हललं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून खुर्ची आणून कपाटासमोर बसलो, तो जेवायलाही उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी चौसष्ट होती. मला वाटलं पळाली. म्हणून कपाटाच्या सगळ्या फटी मेणाने बुजवल्या, आणि तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस भरली. मग भिंगातून नीट पाहिलं, तर एकाने दुसऱ्याला मक्याच्या कणसासारखं दोन हातांत धरलं होतं, आणि उरलेले आपापले हात जोडून बघत होते. मी तसाच चपला न घालता मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, एका डब्यात एकच ठेवायचा, याला दुसरा उपाय नाही. मी म्हटलं, मास्तर, एकेकटं ठेवलं तर त्यांना कंटाळा येणार नाही का?

"कंटाळा तुम्हाला येतो, काका," ते म्हणाले. "त्यांना भूक लागते."

हा माणूस चाळीस वर्षं मुलांना शिकवत होता, त्यामुळे त्याला कोणाचीच दया येत नाही. मी मनाशी म्हटलं, सवाल भुकेचाच असेल तर पोटभर घालू. इतक्या बारीक पोरांना चिलटं लागतात आणि चिलटांना कुजकी केळी लागतात, म्हणून फळवाल्याकडे रोज काळी पडलेली केळी मागायला लागलो. चार दिवसांनी त्याने आपण होऊन चांगली पिवळी केळी पिशवीत घातली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोने दुकानातूनच विचारलं की आजोबा, घरात विचारणारं कोणी नाही का. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण किडे पाळतो म्हटलं तर पाठीवरचा हात जाईल, म्हणून नाही म्हटलं. (आता ती चांगली केळी कुजेपर्यंत मला वाट बघावी लागते, आणि इकडे मंडळी एकमेकांना संपवतात.) खालच्या मजल्यावरची शिवणवाली वास येतो म्हणून भांडायला वर आली, कपाट बघून अर्धा तास बसली आणि जाताना म्हणाली की माझ्या जावेला दाखवायला पाहिजे.

तरी कमी होतच राहिली. यात माझी चूक झाली ती अशी. मी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तेव्हा जेवणही मी घड्याळावर लावलं. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, सगळ्यांना एकाच वेळी. एकाच वेळी जेवतात ते एकमेकांचे होतात, असं मला वाटायचं. पण या किड्यांना मधूनमधून कात टाकावी लागते. तेव्हा ते उलटे टांगून घेतात, दोन दिवस काही खात नाहीत आणि नव्या कातडीत लोण्यासारखे मऊ असतात. मी मात्र एक वाजला की चिमट्याने माशी धरून त्याच्या तोंडापाशी न्यायचो, आणि माशीच्या मागोमाग शेजारचा यायचा. जेवायला बोलावून मी निम्मी मंडळी मारली. हे कळलं त्या दिवशी सगळ्या घड्याळांकडे पाठ करून बसलो होतो.

त्यावरून तुझी आठवण झाली. भाऊजी गेल्यावर तू दोन महिने माझ्याकडे होतीस, तेव्हा मी तुला आठाला चहा, एकला जेवण असं हलवून हलवून उठवत होतो. तुला काही दिवस नुसतं भिंतीकडे तोंड करून पडायचं होतं. शेवटी तू माझं कामाचं टेबल पुसलंस, चार बारीक स्क्रू केरात गेले आणि मी जे बोललो ते बोललो. स्क्रू निमित्त होते. तू रिक्षात बसताना म्हणालीस, तुझ्याजवळ माणूस शिल्लक राहत नाही. सात वर्षांत हे वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. मास्तरांना एकदा सांगणार होतो, पण ते गप्प बसले असते.

असो. विषय किड्यांचा आहे. शेवटी दोन उरले, एक मोठी मादी आणि एक किडकिडा नर. आता मला सगळं समजलं आहे. वरचा कप्पा तिचा, खालचा त्याचा, मध्ये जाळी. दोघांच्या माशा वेगळ्या, वेळ ज्याची त्याची. लपायला भरपूर काटक्या. कोणी उलटं टांगून घेतलं की आपण खोलीबाहेर जायचं आणि विचारायचं नाही. एकमेकांना दिसतात, पण हात पोचत नाही. असे एकोणीस दिवस झाले आणि दोघंही जिवंत आहेत. मास्तर येऊन बघून गेले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना पटलं. इच्छा असली तर एका छपराखाली राहता येतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. वृद्धाश्रमाबद्दल मी काही बोललेलो नाही, हे ध्यानात घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पत्र टाकायला दोन दिवस उशीर झाला. दरम्यान जाळी एका कोपऱ्यात सैल झाली आणि आता कपाटात एकच आहे. कोणी कोणाला खाल्लं ते लिहीत नाही, तुला राग येईल. वरच्या मजकुराशी या गोष्टीचा संबंध जोडू नये.

ता. क. २. जाळी उपयोगाची नाही हे यावरून कळलं. म्हणून मोठ्या खोलीत फळ्यांचं पार्टिशन घालायचं ठरवलं आहे. आपलं घर तळमजल्यापासून दहाच पायऱ्यांवर आहे, मध्ये टेकायला कठडा आहे, आणि खिडकी तुझ्या भागात येते. सुतार गुरुवारी येतो. मधल्या दाराला कडी कुठल्या बाजूने लावू, असं त्याने विचारलं. तू अजून येते म्हणालेली नाहीस. तरी तुझ्या बाजूने लाव म्हणून सांगितलं आहे. माझ्या बाजूला काही नको. मी दार वाजवीन, आणि तू उघडलं नाहीस तर थोड्या वेळाने परत वाजवीन.